फोर्डची गाडी आणि शेतकऱ्याचा पाना



मोटारगाडीचा इतिहास सांगावयास कोणी उभा राहिला, की हेन्री फोर्ड येतो, त्याचा कारखाना येतो, सरकता पट्टा येतो, आणि तेथेच गोष्ट संपते. गाडी फाटकाबाहेर पडल्यानंतर तिचे काय झाले, हे फारसे कोणी विचारीत नाही. आमचे निम्मे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात गेले. तेव्हा फाटकाच्या आतल्या माणसाइतकाच फाटकाबाहेर पडलेल्या मालाचाही विचार करण्याची खोड आम्हांस लागली आहे. आज आम्ही पुढे दोन-तीन माणसांची बैठक आणि मागे उघडा हौदा असलेल्या गाडीची कुळकथा सांगणार आहोत. तिला आपण सारेच 'पिकअप' म्हणतो. बाजार समितीच्या दारात पहाटे ज्यांच्या रांगा लागतात, तीच ही गाडी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ही गाडी कोणा कारखानदाराच्या डोक्यातून पूर्ण होऊन निघाली नाही. जुनी मोटार घेऊन तिला कापणाऱ्या, जोडणाऱ्या, उंच करणाऱ्या, आठवडाभर तिच्याकडून नांगरट करून घेणाऱ्या आणि रविवारी तिलाच दरडीवर चढवून दाखविणाऱ्या लोकांनी ती घडविली. कारखान्याने ती मागाहून पत्करली. ही हकीकत मुख्यतः अमेरिकेतली आहे. म्हणून आपणांस थोडा वेळ तिकडे नेणे भाग आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतला शेतकरी मोटारीचा शत्रू होता. मोटार ही शहरातल्या श्रीमंतांची चैन होती. ती धूळ उडवी, घोडे बुजवी, कोंबड्या चिरडी. 'सैतानाची गाडी' हे तिचे खेड्यातले नाव. कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांनी रस्त्यात चर खणले, तारा आडव्या बांधल्या. पुढे दहा-पंधरा वर्षांत याच शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी मोटार उभी राहिली. 1920 च्या शिरगणतीत अमेरिकेतील जवळजवळ तीस टक्के शेतांवर मोटार होती. वीज मात्र दहा टक्क्यांतही पोहोचली नव्हती. हे प्रमाण लक्षात ठेवावे. ज्या घरात विजेची मोटर नव्हती, त्या घरात वीस अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन चाकांवर उभे होते. त्याच्याकडून आणखी काय करून घेता येईल हा विचार शेतकऱ्याच्या मनात न येता तरच नवल.

ही गाडी म्हणजे फोर्डचे 'मॉडेल टी'. 1908 च्या ऑक्टोबरात ती बाजारात आली आणि 1927 पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक प्रती निघाल्या. पहिल्या वर्षी किंमत 850 डॉलर होती. 1925 पर्यंत दोन आसनी गाडी 260 डॉलरला मिळू लागली. वजन सुमारे साडेपाचशे किलो, बांधा उंच, चाके मोठी आणि अरुंद. तिचे पाटे आपल्या बैलगाडीच्या आखासारखे आडवे बसविलेले होते, त्यामुळे एक चाक खड्ड्यात व दुसरे दगडावर असले तरी सांगाडा फारसा पिळवटत नसे. पाणी फिरविण्यास पंप नाही, पेट्रोल ओढण्यास पंप नाही. टाकी बैठकीखाली, आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरणार. टाकीत पेट्रोल कमी असले आणि चढ उभा असला की ते इंजिनापर्यंत पोहोचत नसे. मग चालक गाडी वळवी आणि उलट्या गिअरमध्ये पाठमोरा चढ चढे. उलटा गिअर सर्वांत जोरकस होता, हाही त्यात लाभ. आमच्या मते, गाडीचा कमीपणा ओळखून तिच्याशी जमवून घेण्याचे पहिले शिक्षण शेतकऱ्याला या पाठमोऱ्या चढाने दिले.

आता क्षणभर फाटकाच्या आत जाऊ. 1913 च्या ऑक्टोबरात हायलंड पार्कच्या कारखान्यात गाडीचा सांगाडा दोरीने ओढीत नेऊन त्यावर एकेक भाग चढविण्याची पद्धत सुरू झाली. ज्या जुळणीस आधी साडेबारा तास लागत, तीस काही महिन्यांत दीड तासाच्या आसपास वेळ पुरू लागला. हा आकडा सर्व पुस्तकांत आहे. दुसरा आकडा तितका सांगत नाहीत. त्याच वर्षी तेथे कामगार टिकेनात. असलेल्या कामगारसंख्येच्या साडेतीन पटींहून अधिक माणसे वर्षभरात नव्याने भरावी लागली. एकाने बोल्ट घालावयाचा, दुसऱ्याने नट चढवावयाचा, तिसऱ्याने तो आवळावयाचा; दिवसभर हेच. 1914 च्या जानेवारीत फोर्डने आठ तासांचा दिवस आणि पाच डॉलर रोज जाहीर केला, त्याची कीर्ती जगभर झाली. तो रोज या पळापळीवर घातलेला बांध होता, आणि तो पुरता मिळविण्यासाठी कामगाराने घरी कसे राहावे हे पाहणारे कंपनीचे तपासनीसही त्याबरोबर आले. असो.

आम्हांस त्यात नवल वाटते ते असे. ज्या गाडीने बनविणाऱ्याच्या हातातून कसब काढून घेतले, तीच गाडी विकत घेणाऱ्याच्या हातात कसब घालीत गेली. डेट्रॉइटमध्ये एक नट आवळणाऱ्या माणसाला गाडी कशी चालते हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. कान्सासमधल्या शेतकऱ्याला ते ठाऊक असल्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण जवळचा मिस्त्री तीस मैलांवर. गाडी साधी होती, सुटे भाग गावच्या दुकानात स्वस्तात मिळत, आणि लोहाराचा भाता घरोघरी होता.

पहिला उद्योग पट्ट्याचा. मागच्या आखाची एक बाजू जॅकने उचलावयाची, चाकावर पट्टा चढवावयाचा आणि पट्ट्याचे दुसरे टोक लाकूड कापण्याच्या करवतीस, मक्याचे दाणे काढण्याच्या यंत्रास, पाण्याच्या पंपास किंवा कपडे धुण्याच्या यंत्रास जोडावयाचे. मोटारीच्या आखात मधोमध जी दंतचक्रांची पेटी असते तिचा गुण असा, की एक चाक जमिनीवर अडकलेले असले तर सारी गती दुसऱ्यास मिळते आणि ते दुप्पट वेगाने फिरते. आपल्याकडे चिखलात रुतलेल्या गाडीचे एकच चाक जागच्या जागी फिरत राहते, ते याच गुणाने. तेथे ज्याला आपण विघ्न म्हणतो त्याचीच शेतकऱ्याने गिरणी केली. परंतु तासन्‌तास उभ्याने चालणाऱ्या इंजिनास वारा लागत नाही, ते तापते. शिवाय आखातली ती लहान चक्रे सतत फिरण्यासाठी केलेली नसतात, ती झिजतात. म्हणून मग इंजिनाच्या पुढच्या टोकासच कप्पी बसविण्याची युक्ती निघाली आणि तशा कप्प्या विकणारे कारखानेही निघाले. केवळ सोय काढून न थांबता तिची किंमत कोणत्या भागाला मोजावी लागते हे पाहणे, यालाच आम्ही कारागिरी म्हणतो.

दुसरा उद्योग मालवाहतुकीचा. 1917 पर्यंत फोर्ड कंपनी मालमोटारीचा सांगाडा विकतच नव्हती. तेव्हा शिकागोच्या 'स्मिथ फॉर्म-अ-ट्रक' सारख्या जोडसामानाने ती उणीव भरून काढली. जुन्या फोर्डची मागची चाके काढावयाची, सांगाड्यास मागे लांब लोखंडी जोड द्यावयाचा आणि त्याच्या शेवटी भरीव रबराची जाडजूड चाके असलेला नवा आख बसवावयाचा. गाडीचा मूळ आख तेथेच राही. त्याच्या टोकांस दाते बसवून सायकलीसारख्या साखळ्यांनी नवी चाके फिरवावयाची. पाचशे किलोची हौसेची गाडी अशा रीतीने एक टन माल ओढू लागे. 1917 च्या जुलैत फोर्डने स्वतःचा एक टनी सांगाडा 600 डॉलरला विकावयास काढला. म्हणजे लोकांनी दाखविलेली वाट कंपनीने सरळ उचलली. सेंट पॉलचे 'स्टॉड मॅक-ए-ट्रॅक्टर' आणि त्याच्या जोडीचे 'पुलफोर्ड' ही सामाने तर मोटारीचा ट्रॅक्टरच करीत. मागे मोठी लोखंडी चाके, त्यांच्या कडेस दाते, आणि आखाच्या टोकास लहान दंतचक्र. वेग उतरला की जोर चढे. सकाळी नांगर, संध्याकाळी चाके बदलून देवळात. हे उद्योग कंपनीस रुचत नसत. परक्या सामानाने गाडी बिघडली तर आमची हमी नाही, अशी तिची भूमिका असे. ती आजच्या काळातही आपणांस ऐकू येते.

तिसरा उद्योग बर्फाचा, आणि तो आम्हांस फार आवडतो. न्यू हॅम्पशायरमधील ऑसिपी गावी व्हर्जिल व्हाइट नावाचा फोर्डचा विक्रेता होता. तेथे हिवाळ्यात रस्ते महिनोन्‌महिने बर्फाखाली असत. त्याने पुढच्या चाकांच्या जागी लाकडी घसरपट्ट्या बसविल्या, मागे चाकांची आणखी एक जोडी वाढविली आणि दोन्ही जोड्यांवर लोखंडी पट्टा चढविला. 1917 मध्ये त्याने याचे एकस्व घेतले आणि 1920 च्या दशकात हे जोडसामान विकले. खेड्यातले डॉक्टर आणि टपालवाले हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. बर्फात अडलेल्या बाळंतिणीपर्यंत पोहोचण्याची सोय मोठ्या कारखान्याने केली नव्हती, एका गावच्या दुकानदाराने केली होती.

कामाचे इतके झाले, खेळाचे काय? आमच्या काही मित्रांना वाटते की खेळ ही पुढची, पोट भरल्यानंतरची गोष्ट. इतिहास तसे सांगत नाही. 1912 च्या सुमारास कान्सास राज्यात 'मोटार पोलो' सुरू झाला. टोपेकाच्या एका फोर्ड-विक्रेत्याने, राल्फ हँकिन्सनने, गाड्यांची जाहिरात व्हावी म्हणून तो काढला. फोर्डची गाडी दरवाजे, छप्पर, पंखे काढून उघडी करावयाची. एकाने चालवावयाची, दुसऱ्याने बाजूस लोंबकळत लांब दांड्याने चेंडू मारावयाचा. गाड्या उलटत, माणसे खाली सापडत. म्हणून पुढे गाडीवर लोखंडी कमान बसवू लागले. आज खडकांतून गाडी नेणारे डोक्यावर जो लोखंडी पिंजरा बसवितात, त्याचे एक गावठी पूर्वरूप या मैदानावर सापडते. आम्ही या खेळाची शिफारस करीत नाही. पण ज्याने सहा दिवस यंत्राशी झटापट केली आहे त्याला सातव्या दिवशी त्याच यंत्राशी मस्ती करावीशी वाटते, हे मानवी आहे. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपल्या मनाचे, ही घोषणा आमच्या चळवळीची. त्या तिसऱ्या आठ तासांत कामगाराने काय करावे हे मात्र चळवळीने ठरवू नये.

1925 च्या एप्रिलात फोर्डने 'पिकअप हौद्यासह रनअबाउट' या नावाने गाडी विकावयास काढली. किंमत 281 डॉलर. मागे एक पत्र्याचा उथळ हौदा आणि खाली पडणारे फळकूट, यापलीकडे त्यात नवे काही नव्हते. त्या वर्षी तशा चौतीस हजारांच्या आसपास गाड्या गेल्या. तोपर्यंत अमेरिकेतल्या किती सुतारांनी आणि शेतकऱ्यांनी जुन्या फोर्डच्या मागे फळ्यांची पेटी ठोकली होती याची मोजदाद कोणी ठेवली नाही. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या दोघा अभ्यासकांनी 1996 मध्ये या खेडवळ फेरफारांवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. वापरणारा माणूस हा यंत्राचा केवळ गिऱ्हाईक नसून घडविणाराही असतो, हे त्यांनी दाखविले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे सारे वाचनालयातले. विद्यापीठातल्या माणसांनी हे लिहिलेले वाचले तेव्हा आमच्या गॅरेजमधल्या मंडळींना ते वाचून दाखवावेसे आम्हांस वाटले. दाखविलेही. एक वयस्कर मिस्त्री म्हणाला, "हे त्यांना आता कळलं होय?"

पुढे मंदी आली. 1930 च्या दशकात नवी गाडी घेण्याची ऐपत उरली नाही, तेव्हा जुन्या गाडीची मागची बाजू कापून तिचा छकडा करणे हा गरिबांचा सर्रास मार्ग झाला. जॉन स्टाइनबेक यांच्या 1939 च्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या कादंबरीत जोड कुटुंब ज्या गाडीने कॅलिफोर्नियास निघते, ती अशीच एक जुनी हडसन मोटार आहे. तिचे छप्पर कापून मागे हौदा केलेला आहे. जमीन गेली, घर गेले, आणि आजीपासून नातवापर्यंत सारे त्या हौद्यात. फेरफार केलेली गाडी ही त्या लोकांची हौस नव्हती. तेच त्यांचे घर होते.

याच दशकात फाटकाच्या आतही काही घडत होते. 1936-37 च्या हिवाळ्यात फ्लिंट येथे जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच बैठा संप केला आणि संघटनेस मान्यता मिळविली. 1937 च्या मे महिन्यात फोर्डच्या रूज कारखान्याबाहेरच्या पादचारी पुलावर वॉल्टर रूथर आणि त्यांच्या सोबत्यांना कंपनीच्या माणसांनी बेदम मारले. छायाचित्रकारांनी ते टिपले म्हणून जगाला कळले. 1941 मध्ये फोर्डने करारावर सही केली. गाडी घडविणाऱ्याला तिच्याविषयी तोंड उघडण्याचा अधिकार असा मिळाला. गाडी उघडण्याचा अधिकार तोवर बाहेरच्याकडे होताच. तो कोणी काढून घेईल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

अमेरिकेत हे सारे कायद्याच्या नजरेआड चालले होते. कायद्याने त्याकडे पाहिले तर काय होते याचे उदाहरण स्वीडनचे आहे, म्हणून थोडी वाकडी वाट करतो. महायुद्धाच्या सुमारास तेथे ट्रॅक्टरांचा तुटवडा होता आणि शेतकरी जुन्या मोटारी कापून ट्रॅक्टर करीत होते. 1940 मध्ये सरकारने त्यास बंदी न करता नियम घालून दिले. अशी गाडी सावकाश चालली पाहिजे, मागे हौदा पाहिजे. ती ट्रॅक्टर म्हणून नोंदली जाईल. स्वस्त मालाच्या 'एपा' नावाच्या दुकानांवरून लोक तिला चेष्टेने 'एपा ट्रॅक्टर' म्हणू लागले. युद्ध संपले, खरे ट्रॅक्टर आले, आणि नियम मात्र राहिला. मोटार चालविण्याचे वय न झालेली खेड्यातली मुले मग बापाची जुनी गाडी कापून, हौदा बसवून, कायद्याने ट्रॅक्टर ठरलेल्या त्या वाहनातून नाचगाण्याला जाऊ लागली. 1963 मध्ये 'ए-ट्रॅक्टर' हा सुधारलेला वर्ग आला. आजही पंधरा वर्षांचे मूल परवाना काढून ताशी 30 किलोमीटरच्या मर्यादेतली ही गाडी चालवू शकते. अपघात वाढले तेव्हा 2023 मध्ये सरकारने पट्टे आणि बैठकीचे नियम कडक केले, पण फेरफाराची मुभा ठेवली.

आता जीपकडे वळतो; आपल्या मुलखाचा संबंध येथे येतो. 1941 ते 1945 या काळात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या लष्करासाठी बनविल्या. चारही चाकांना जोर मिळणारी स्वस्त, हलकी गाडी इतक्या संख्येने जगात प्रथमच पसरली. 1945 च्या मध्यास विलीसने शेतकऱ्यांसाठी नागरी जीप काढली. तिच्या मागे यंत्रे चालविण्याचा दांडा बसवून घेता येई. म्हणजे 1915 च्या शेतकऱ्याने चाक उचलून जे साधले होते तेच आता कारखाना आपणहून देऊ लागला. 1940 च्या दशकाच्या शेवटी महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीस जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली. ती गाडी खात्याखात्यांतून, साखर कारखान्यांतून फिरली, म्हातारी झाली, लिलावात निघाली, आणि मग आपल्या मिस्त्रींच्या हाती आली. पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप' म्हणून जी जीप आपण सर्वांनी पाहिली आहे, मागे लांबविलेली, बाकडी टाकलेली, टपावर पाट्या आणि कोंबड्या, ती गाडीही आमच्या मते याच कुळातली आहे. एसटी जेथे दिवसातून एकदा जाते तेथे तिने माणसे पोहोचविली. तिच्या भरधाव, ठासून भरलेल्या फेऱ्यांत माणसे मेलीही. दोन्ही सांगितल्यावाचून ही हकीकत खरी होणार नाही.

अमेरिकेत जीपने आणखी एक गोष्ट केली. साध्या पिकअपवाल्याला चारही चाकांच्या जोराची चटक लावली. इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन कंपनी 1935 पासून फोर्डच्या मालमोटारींना पुढचा चालता आख बसवून देत होतीच. युद्धानंतर मिनिआपोलिसच्या 'नॅपको' कंपनीने शेव्हरोले आणि जीएमसी गाड्यांसाठी तसे तयार सामान काढले. शेतकऱ्याने गाडी विकत घ्यावयाची आणि गावच्या गॅरेजात पुढचा आख बदलून घ्यावयाचा. 1956 आणि 1957 मध्ये हे सामान कारखान्यातच बसवून मिळू लागले आणि पुढे कंपन्यांनी स्वतःचे आख तयार केले. 1917 चीच ही पुनरावृत्ती आहे. सिअॅटलच्या आर्थर वॉर्न यांनी 1948 मध्ये चाकाच्या तुंब्यात बसणारा एक खटका काढला. जीपचा पुढचा आख जोर नको असतानाही चाकांबरोबर फुकट फिरत राही आणि झिजे. हा खटका फिरविला की चाक मोकळे सुटे. लष्कराच्या टाकाऊ जीपला सडकेवर राबण्याजोगे करणारी ही चीज होती.

आणि मग खेळ. कॅलिफोर्नियात जॉर्जटाउन नावाचे सोन्याच्या खाणींच्या काळातले गाव आहे. सोने संपले, गाव ओसाड पडत चालले. 1953 च्या ऑगस्टअखेरीस गावकऱ्यांनी युक्ती काढली. रुबिकॉन नावाच्या जुन्या खडकाळ वाटेने टाहो सरोवरापर्यंत जीपगाड्यांची यात्रा काढावयाची. पहिल्या वर्षी 55 गाड्या आणि 155 माणसे आली. वाट पस्तीस किलोमीटरांच्या आसपास, पण घोड्यांनीही जपून पाऊल टाकावे अशी. यूटामध्ये मोआब गावाभोवती चार्ल्स स्टीन यांना 1952 मध्ये युरेनियम सापडले आणि धातू शोधणाऱ्यांनी डोंगरकड्यांवर जीपच्या वाटा पाडल्या. खाणींचा बहर ओसरल्यावर त्याच वाटांवर 1967 पासून ईस्टरच्या सुमारास हौशी लोकांची यात्रा भरू लागली. दोन्ही ठिकाणी पोट भरण्यासाठी पाडलेल्या वाटांवरच मौज उभी राहिली, आणि त्या मौजेवर पुन्हा गावाचे पोट.

जुनी पिकअप घेऊन ती कामाला आणि रानात नेण्याला तयार करणारा माणूस आजही तिकडे घरोघर आहे. आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्याची कारागिरी बाहेरून दिसते तितकी भडक नसते. समजा, 31 इंची चाकांच्या जागी त्याने 35 इंची चाके चढविली. गाडी उंच झाली, खडकांवरून जाऊ लागली. पण चाक मोठे म्हणजे एका फेऱ्यात अधिक अंतर. इंजिनास ओढ कमी पडते. काट्यावर 60 दिसत असताना गाडी खरोखर 68 च्या वेगाने धावत असते. आखातली दंतचक्रे 3.73 च्या प्रमाणाची असतील तर पूर्वीचाच जोर मिळण्यास ती सव्वाचारच्या आसपासची करावी लागतात. गाडी उंचावली की मधला दांडा तिरपा होतो, त्याचे सांधे कुरकुरतात. थांबविण्यास पूर्वीपेक्षा जड चाक, म्हणून ब्रेक अपुरा पडतो. पाटे जाड केले तर रिकामी गाडी उड्या मारते आणि भरलेली बरी चालते. म्हणून जाणता मिस्त्री आधी ब्रेक, सुकाणू आणि सांगाड्याचा गंज पाहतो, मग दंतचक्रे, आणि चाके सर्वांत शेवटी. पोर आधी चाके आणतो. आम्ही या एका क्रमावरून माणूस ओळखतो.

जुनीच गाडी का, असे कोणी विचारील. कारण ती उघडते. कार्ब्युरेटर, शिडीसारखा सांगाडा, लोखंडी आख: जे बिघडले ते डोळ्यांस दिसते व हातास लागते. नव्या गाडीत इंजिन, ब्रेक, गिअर यांवर संगणकाचा पहारा असतो आणि त्याची किल्ली कंपनीच्या दुकानात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 मध्ये कायदा करून गाडीच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. 2020 मध्ये मतदारांनी कौल देऊन गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीलाही ते लावले. शेतीयंत्रांत हाच झगडा चालू आहे. 2023 च्या जानेवारीत जॉन डियर कंपनीने शेतकऱ्यांच्या संघाशी समजुतीचा करार केला. 2025 च्या जानेवारीत सरकारच्या व्यापार आयोगाने दुरुस्तीच्या अडवणुकीबद्दल त्याच कंपनीवर दावा दाखल केला.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या तोंडाने आला आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टपणे बजावले. इंधनबदलासारख्या थोड्या गोष्टींना परवानगीने वाट आहे. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचा जीव पाहता या बंदीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. निकामी ब्रेकच्या गाडीवर पाठविलेल्या चालकांच्या बायकांसमोर आम्ही बसलो आहोत. तेव्हा मिस्त्रीने केले म्हणून सारेच पवित्र, असले भाबडेपण आम्हांस परवडत नाही. पण जिवाच्या रक्षणासाठी घातलेले कुलूप आणि दुरुस्तीचा पैसा एकाच दुकानी जावा म्हणून घातलेले कुलूप ही दोन निरनिराळी कुलुपे आहेत, आणि कंपन्या दुसऱ्याचे समर्थन करताना नेहमी पहिले दाखवितात. स्वीडनने ज्याप्रमाणे वेग ठरविला, पट्टा ठरविला, तपासणी ठरविली आणि मग कापाकापीस मोकळीक दिली, तशी एखादी तपासणीची वाट आपल्याकडे शेतावरच्या गाड्यांपुरती तरी असावी, अशी मागणी आम्ही चालकांच्या आणि गॅरेज कामगारांच्या सभांतून करीत आलो आहोत. एका सभेत एका तरुणाने विचारले की तपासणार कोण? तपासणीसाठी लागणारे ज्ञान ज्यांच्याकडे आहे ते मिस्त्री परीक्षा न दिलेले, आणि परीक्षा दिलेल्यांनी पाना धरलेला नाही. या प्रश्नावर त्या रात्री दीड तास वाद झाला.

तिकडे 2020 च्या सुमारास मिनेसोटा आणि आसपासच्या राज्यांत जुन्या यंत्रांच्या लिलावांतून एक गोष्ट दिसू लागली. 1970 आणि 1980 च्या दशकांतले, संगणक नसलेले चाळीस वर्षांचे ट्रॅक्टर शेतकरी चढाओढीने विकत घेत होते. पैसे वाचतात हे कारण होतेच. दुसरे कारण असे, की पेरणीच्या दिवशी बंद पडला तर तो आपल्याच गोठ्यात आपल्याला उघडता येतो.